रुजुवातीचं टिंब

"वर एक टिंब आलंय," आई फोनवर म्हणाली.

"कुठे वर?"

"वर म्हणजे वर. फायलीच्या नावाशेजारी."

"स्क्रीन पुसून बघ. काहीतरी उडालं असेल."

"मी मशीनवर बसून खात नाही. अख्ख्या नोकरीत एका कागदावर डाग पडू दिला नाही मी. हे टिंब आतून आलंय. चांगलं गोल आहे."

"मग राहू दे की!"

"राहूच देणार आहे. ते आलं की मला बरं वाटतं," असं म्हणून तिने फोन ठेवला.

टिंब आल्यावर माणसाला बरं का वाटावं, हे काही मला कळलं नाही. पण आईचे दुपारचे फोन हे असेच असायचे. मी कर्वेनगरात, ती विश्रांतवाडीत, मधे अख्खं पुणं आणि त्याचा ट्रॅफिक. एक टिंब बघायला एवढं कोण जातंय?

आई सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक होती. तिच्या मशीनचा आवाज इतका एकसारखा यायचा, की तो थांबला तर लोक मान वर करून बघायचे, असं तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मावशी सांगतात. सख्ख्या नव्हेत, पण आम्ही त्यांना मावशीच म्हणतो. त्याही टंकलेखक. राहणार शनिवार पेठ, आणि जीभ पेठेला शोभेल अशी. आईने जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं टाइप केली. साहेबांचे आदेश, साहेबांची पत्रं, साहेबांची भाषणं. साहेब बदलायचे, वाक्यं फारशी बदलायची नाहीत.

आई सेवानिवृत्त झाली त्या दिवशी तिच्याबद्दल साहेब चार शब्द बोलणार होते. ते चार शब्द त्यांनी कागदावर लिहिले आणि टाइप करायला दिले. कुणाकडे? आईकडेच! साहेबांची सवयच ती! त्यात एक वाक्य होतं, 'त्या अत्यंत मितभाषी आहेत.' आईने ते निमूटपणे टाइप केलं, रोलरमधून कागद काढला आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. संध्याकाळी शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील, असं मात्र कुणी म्हणालंच नाही. मितभाषी बाईला उगाच कशाला त्रास द्यायचा!

"मितभाषी म्हणे!" आई आजही हे सांगताना हातातलं काम खाली ठेवते. "अरे, मला बोलू दिलंत कधी?"

तर अशी ही आई ऐंशीची व्हायला आली. विश्रांतवाडीतल्या आमच्या विहाराचा हॉल ठरला. रविवारी सकाळी बुद्धवंदना, मग कार्यक्रम, मग जेवण. मी आणि माझा धाकटा भाऊ कोण बोलणार, कुणाला किती वेळ द्यायचा, हे ठरवत बसलो होतो. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाषण मी करणार आहे. बाकीच्यांनी जेवावं."

तिला कधी चार माणसांसमोर बोलताना ऐकलंच नव्हतं आम्ही.

"आणि ते मी आधी टाइप करणार," ती म्हणाली. "पहिल्यांदाच माझं स्वतःचं काहीतरी टाइप करणार आहे. मला मशीन आणून द्या."

टाइपरायटर आता आणायचा कुठून? भाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने स्वतःचा जुना लॅपटॉप आईला दिला आणि त्यावर जुन्या मराठी टाइपरायटरसारखाच कळफलक बसवून दिला. हे त्याने फार छान केलं. आईने पहिली ओळ न बघता टाइप केली तेव्हा तिचे डोळे भरून आले आणि तिने त्याचं खापर चष्म्याच्या काचेवर फोडलं. पण लिहायला त्याने जे दिलं, ते त्यांच्या ऑफिसातली मुलं प्रोग्रॅम लिहायला वापरतात ते. "साधं आहे, हलकं आहे, काही त्रास देत नाही," म्हणे. काळी पाटी आणि त्यावर अक्षरं. त्याने आईकडून एक ओळ टाइप करून घेतली, 'माननीय अध्यक्ष महोदय आणि जमलेल्या बंधू-भगिनींनो', दोन बटणं एकदम दाबून दाखवली, म्हणाला, "झालं सेव्ह. हे असं करत जायचं. काम संपलं की नुसतं झाकण लाव, बाकी काही करू नकोस," आणि हिंजवडीला पळाला.

तिथून पुढे आईचं आणि माझं फोनवर हे सुरू झालं. आणि मी तिला काय सांगणार, कपाळ! माझी स्वतःची रोज तारांबळ. मी कॉलेजात भूगोल शिकवते. आमच्या स्टाफरूममधल्या संगणकावर एक चौकोनी चकती असते, ती दाबली की सेव्ह. आता ती फ्लॉपी आजच्या पोरांनी जन्मात पाहिलेली नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीला ते कपडे धुवायचं मशीन वाटत होतं. तीच चकती एका ठिकाणी लाल असते तेव्हा काम राहिलंय आणि निळी असते तेव्हा झालंय. दुसऱ्या ठिकाणी ती पुसट होते. पुसट म्हणजे बंद पडलीय असं वाटून मी तिच्यावर बोट आपटत बसते, तर पुसट म्हणजे सगळं सुखरूप आहे! प्रश्नपत्रिका जिथे करतो तिथे चकतीच नाही, एक ढग आहे आणि ढगात बरोबरची खूण. भूगोलवालीला ढग दाखवून 'निश्चिंत रहा' म्हणतात, आता काय बोलायचं? आणखी एका ठिकाणी नावापुढे चांदणी येते. ती शुभ की अशुभ, हे मला अजून कुणी धड सांगितलेलं नाही.

त्यामुळे आईने टिंब म्हटल्यावर मी खोलात गेले नाही. आमच्याकडे ढग, हिच्याकडे टिंब. असेल बाई काहीतरी.

"सेव्ह होतंय ना पण?" एवढं मी रोज विचारायचे.

"हो, टिंब आहे ना," आई रोज सांगायची.

भाषण वाढत होतं. रोज दुपारी आई ते फोनवर मावशींना वाचून दाखवायची आणि मावशी त्यावर ताशेरे ओढायच्या. मला वाचून दाखवायला तिने साफ नकार दिला. "तू मधेमधे बोलतेस," म्हणाली. हे खोटं आहे, पण असो. मावशींना मी एकदा विचारलं, कसं झालंय भाषण? तर म्हणाल्या, "उत्तम. एखादे साहेब सहज करतील असं झालंय." त्यांच्या बोलण्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे वेगळं करता येणं कठीण.

शनिवारी दुपारी भाऊ भाषणाची प्रत छापून आणायला लॅपटॉप न्यायला येणार होता. मीही उद्याच्या फुलांची पिशवी घेऊन आईकडे पोचले होते. आईने नवीन साडी काढून ठेवली होती, इस्त्री करून. लॅपटॉप टेबलावर, त्यावर स्वच्छ धुतलेला रुमाल घातलेला. अगदी टाइपरायटरला झाकण घालावं तसा.

भावाने रुमाल काढला, झाकण उघडलं, फाइल उघडली. मग तो खाली-वर बघत राहिला.

"आई, भाषण कुठाय?"

"तिथेच."

"इथे एकच ओळ आहे. 'माननीय अध्यक्ष महोदय'."

"त्याच्या खाली बघ की."

खाली काही नव्हतं. काळी पाटी, पार शेवटपर्यंत. भावाने इकडे शोधलं, तिकडे शोधलं, नवीन खिडक्या उघडल्या, मिटल्या, कपाळावर हात मारला. मी पाणी आणायला उठले, कारण आईचा चेहरा मला बघवेना. तिने इस्त्रीची साडी उगाचच उलगडून पुन्हा घडी घातली.

"बंद करताना काय केलंस तू?" भावाने विचारलं.

"तू येणार म्हणून मशीन आवरून ठेवलं. दुसऱ्याच्या हाती मशीन देताना रोलरमध्ये कागद ठेवायचा नसतो. कागद काढायला म्हणून त्या नावावर बाण नेला, तर टिंबाची फुली झाली. फुली म्हणजे बंद, एवढं मला मोबाइलवरून ठाऊक आहे. दाबली."

"मग काही विचारलं असेल ना त्याने?"

"विचारलं. इंग्रजीत. तुम्ही केलेले बदल ठेवायचे का? आता आज मी बदल काय केला? एक स्वल्पविराम टाकला आणि नको वाटला म्हणून काढला. बदल काहीच नाही. म्हणून 'नको' दाबलं. खोटं कशाला सांगायचं?"

भाऊ खुर्चीत मागे रेलला. "आई, टिंब दिसतंय तोवर काही सेव्ह झालेलं नसतं गं! टिंब म्हणजे काम बाकी आहे!"

"बाकी?" आई म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला. "अरे, बाकी राहिलेल्या कामावर खूण कोण करतं? झालेल्या कामावर खूण करतात!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. रुजुवात! लहानपणी शाळा सुटल्यावर आईच्या कचेरीत जाऊन बसायचे तेव्हा मी हे रोज पाहिलं होतं. टाइप केलेला कागद साहेबांकडे जाण्याआधी मूळ मसुद्याशी ताडून बघायचा. मावशी मसुदा मोठ्याने वाचायच्या, आई टाइप केलेल्या ओळीवर बोट फिरवायची. सगळं जुळलं की मावशी वरच्या कोपऱ्यात, अगदी नाव-विषयाशेजारी, पेन्सिलीने एक टिंब द्यायच्या. टिंब असलेला कागद म्हणजे तपासलेला, पक्का, पुढे जायला मोकळा. टिंब नसलेला कागद आई हातातून सोडायचीच नाही.

"पहिल्या दिवशी तू ती दोन बटणं दाबलीस आणि टिंब गेलं," आई भावाला सांगत होती. "तू गेल्यावर मी एक जागा सोडून बघितली, तर टिंब आलं परत. म्हटलं चला, पोराने घालवलं होतं ते मी आणलं. त्यानंतर त्या बटणांना मी हात लावला नाही."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. माझं मात्र हसू आता दाबणं शक्य नव्हतं. मी पदर तोंडाशी धरला, तरी ते फुटलंच. भाऊ चिडला, मग तोही हसायला लागला. आई हसली नाही.

"तुम्ही हसा," ती म्हणाली. "माझं भाषण गेलं."

एवढं साधं वाक्य, पण आमचं हसू जागच्या जागी थांबलं. मला त्या मशीनचा, टिंबाचा, ते बनवणाऱ्यांचा असा काही राग आला की सांगता सोय नाही. जन्मभर दुसऱ्यांचं टाइप केलेलं प्रत्येक वाक्य जागच्या जागी पोचलं, फायलीत लागलं, वर्षानुवर्षं टिकलं. एकदाच स्वतःचं लिहिलं, तर तेवढंच नेमकं गेलं.

"आठवेल तसं सांग, मी लिहून घेते," मी म्हणाले.

"मला आठवत नाही. टाइप केलेलं माझ्या डोक्यात राहत नसतं. डोळ्यातून बोटात जातं आणि बोटातून कागदावर. डोक्यात ठेवलं असतं तर साहेबांच्या वाक्यांनी वेड लागलं असतं मला."

मावशींना फोन लावला. रोज ऐकत होत्या, त्यांना काहीतरी आठवेल. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गेलं का? बरं झालं."

"मावशी!"

"अगं, सगळं 'माझे परमभाग्य' आणि 'या मंगलप्रसंगी' होतं. मी तिला म्हटलं पण होतं, हे तू लिहिलंयस की आपल्या तिसऱ्या साहेबांनी? तिला म्हणावं, झोप आता. सकाळी लवकर उठून बस मशीनवर. मी येतेच आहे उद्या."

मी हे सगळं जसंच्या तसं आईला सांगितलं. वाटलं, चिडेल. तिने साडीची घडी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तिसऱ्या नव्हे, चौथ्या साहेबांनी. मंगलप्रसंगी चौथ्याचं होतं."

त्या रात्री आम्ही दोघंही आईकडेच राहिलो. सकाळी मला जाग आली ती आवाजाने. लॅपटॉपच्या बटणांना कसला आलाय आवाज, पण आई ती टाइपरायटरसारखीच हाणत होती, एकसारखी, न थांबता. चहा शेजारी गार झालेला. डोळे मिटलेले. मी दारातच उभी राहिले. पुढे गेले असते तर मी मधेमधे बोलले असते, हे मलाही ठाऊक होतं.

आवाज थांबला. "ये," आई म्हणाली, "आणि ती दोन बटणं तू दाब. माझं धाडस होत नाही."

मी दाबली. टिंब गेलं. आई त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली आणि तिने माझा हात घट्ट धरला.

"झालं?"

"झालं. टिंब गेलं म्हणजे झालं."

"उलटीच तऱ्हा," ती म्हणाली.

चौकातलं झेरॉक्सचं दुकान रविवारी उशिरा उघडतं. भाऊ शटरसमोर जाऊन उभा राहिला आणि वंदना सुरू व्हायच्या आत कागद घेऊन आला. हॉल भरला होता. आईच्या कचेरीतली जुनी मंडळी, आळीतल्या बायका, माझ्या कॉलेजातल्या दोघी-तिघी. मागे स्वयंपाक तयार होता आणि मसालेभाताचा वास पार पुढच्या रांगेपर्यंत येत होता. वंदना झाली. मावशी रिक्षाच्या भाड्यावरून चालकाला शेवटचं काहीतरी ऐकवून आत आल्या आणि आईच्या शेजारी बसल्या.

आईने कागद त्यांच्यापुढे धरला. पर्समधून पेन्सिल काढली, टोक केलेली. "टिंब दे."

मावशींनी चष्मा लावला. एकेका ओळीवरून बोट नेत सगळं वाचलं. वाचता वाचता एकदा थांबल्या, नाक ओढलं, पुन्हा वाचू लागल्या. मग कागद मांडीवर ठेवला.

"यातलं एकही वाक्य आधीच्यात नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नव्हतंच."

"मग मी रुजुवात घेऊ कशाशी? मूळ प्रत कुठाय?"

"मूळ प्रत मी आहे," आई म्हणाली. "माझ्याकडे बघ आणि टिंब दे."

मावशींनी खरोखरच तिच्याकडे बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत, पांढऱ्या केसांपासून इस्त्रीच्या साडीपर्यंत, कागद ताडावा तसं. मग वाकल्या आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक टिंब दिलं, चांगलं गोल.

आई उठली. माइक तिच्या उंचीला खाली करायला भाऊ पुढे गेला, तर तिने तो स्वतःच खाली केला. कागद डाव्या हातात धरला. उजव्या हाताची बोटं समोरच्या टेबलावर होती, आणि ती वाचू लागली तेव्हा ती बोटंही हलत होती, जणू हेही टाइप करायचं होतं.

"मी मितभाषी नाही," आईने पहिलं वाक्य वाचलं.

कचेरीतल्या मंडळींत असा हशा उठला की आईला थांबावं लागलं. हसू ओसरेपर्यंत ती थांबली, मग पुढची ओळ वाचली, मग त्याच्या पुढची. कागद संपल्यावरही ती बोलत राहिली. मागे मसालेभात दोनदा गरम करावा लागला, पण जेवायला कुणी उठलं नाही.